साभार परतीचे दर

कोणत्याही सुसंस्कृत समाजात लिहिणारे जास्त आणि वाचणारे कमी असतात, आणि ही तफावत जितकी मोठी तितका तो समाज प्रगत समजावा. या कसोटीवर भिंगरीच्या गावाने केव्हाच बाजी मारली होती. त्या गावातून एक वाङ्मयीन त्रैमासिक निघायचं. गेल्या वर्षी त्याच्याकडे सहाशे बारा कथा आल्या आणि त्याचा प्रत्येक अंक खपला दोनशे दहा. म्हणजे दर वाचकामागे जवळजवळ तीन लेखक. (हेच प्रमाण दवाखान्यात असतं, दर रोग्यामागे तीन डॉक्टर, तर लोक हौसेने आजारी पडले असते.)

भिंगरी नववीत होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. घरी, गल्लीत आणि शिक्षकांच्या तोंडी ती भिंगरीच, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. तिचे बाबा किल्ल्या करायचे. टपाल कचेरीच्या कोपऱ्यावर त्यांची टपरी होती: एक छोटं यंत्र, तीन कानशी आणि खिळ्यांना टांगलेल्या चारपाचशे कोऱ्या किल्ल्या. वारा आला की सगळ्या मिळून वाजायच्या. घरातला सगळा व्यवहार किल्ल्यांत मोजला जायचा. वही म्हणजे एक किल्ली, चपला म्हणजे आठ, दाताचा डॉक्टर म्हणजे, बापरे, चाळीस. आई शिवणकाम करायची, पण कापडाचा भाव सांगताना तीही म्हणायची, “अहो, मीटरला तीन किल्ल्या सांगतोय मेला!”

तर या मुलीने एक कथा लिहिली. बीजगणिताच्या वहीच्या मागच्या बाजूने, चार पानं. एका घराचं कुलूप अडकतं, किल्लीवाल्याला बोलावतात, तो दार उघडतो. एवढीच गोष्ट. ती तिने बाबांपुढे धरली तेव्हा बाबा कानस चालवत होते.

“छापून आली की वाचतो,” ते म्हणाले.

“बाबा, चारच पानं आहेत!”

“चार का असेनात. हाताने लिहिलेलं म्हणजे अजून कच्चं. उद्या तू खोडशील, परवा बदलशील. मी कच्ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात कधी देतो का? मग तूही देऊ नको.”

यात राग नव्हता, तत्त्व होतं. छापलेलं असेल ते बाबा सगळं वाचायचे. औषधाच्या खोक्यातली बारीक टाइपातली घडी, कुलपांच्या कंपन्यांची माहितीपत्रकं, पुडीचा कागद (दोन्ही बाजूंनी, आणि तुकडा फाटलेला असला तर पुढे काय झालं असेल यावर रात्री जेवताना चर्चा). एवढा अट्टल वाचक घरात, आणि लेकीची चार पानं मात्र न वाचता पडलेली. भिंगरीला कीर्ती नको होती, मानधन नको होतं, पुरस्कारही नको होता (दिलाच असता तर कपाटावर जागा करता आली असती). बाबांनी ती चार पानं वाचावीत, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती छापून यायला हवी होती. आणि छापायला गावात त्रैमासिक एकच.

त्रैमासिकाच्या संपादकांनी तीस वर्षं एका विमा कंपनीत काढली होती, तीही दावे फेटाळण्याच्या विभागात. अशी माणसं साहित्याला क्वचित लाभतात. इतर संपादक चांगल्या साहित्याच्या शोधात झिजतात, उसने पैसे काढतात आणि शेवटी अंक बंद करून आठवणी लिहायला बसतात. सरांचं (सगळे त्यांना सरच म्हणत) तसं नव्हतं. त्यांनी पहिल्याच वर्षी कागद-पेन्सिल घेऊन बसून पाहिलं. एक कथा स्वीकारली की कागद, छपाई, बांधणी, टपाल, सगळं आलं. एक कथा नाकारली की खर्च काय, तर एक चिटोरा, तोसुद्धा लेखकानेच तिकीट लावून पाठवलेल्या परतीच्या पाकिटातून जाणार. तेव्हा सरांनी स्वतःला विचारलं, “तोटा नेमका कशाने होतोय?” आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं, “साहित्याने.” म्हणून त्यांनी साहित्य कमी केलं.

पूर्ण बंद मात्र करता येईना. वाङ्मयीन नियतकालिकात काही ना काही वाङ्मय असावं, असा नोंदणी कचेरीचा नियम होता. किती असावं ते नियमात लिहिलेलं नव्हतं. सरांनी त्याचा अर्थ “अंकाला एक कथा, दोन पानांच्या आत” असा लावला. उरलेल्या बासष्ट पानांत संपादकीय, वर्गणीदारांची यादी, आजीव वर्गणीदारांची चौकटीतली यादी (आजीव म्हणजे वर्गणीदार किंवा अंक यांपैकी जो आधी संपेल त्याच्या शेवटापर्यंत), खालच्या मजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानाच्या सात जाहिराती आणि नियमावली.

नियमावली हा अंकातला सर्वांत वाचनीय भाग होता. त्यातलं दरपत्रक असं:

कथेचं प्रवेश शुल्क: दीडशे.

कथा पोचल्याची पोच: वीस. (न पोचल्याची पोच: तीस, कारण शोधाशोध करावी लागते.)

साधा नकार: विनामूल्य. सहा महिन्यांत. “साभार परत” हे दोन शब्द, शाईचा शिक्का.

त्वरित नकार: साठ. आठ दिवसांत. यात वाचन समाविष्ट नाही.

उत्तेजनार्थ नकार: नव्वद. यात “आपल्यात गुण आहेत” हे वाक्य हमखास. “पुष्कळ” हवं असल्यास दहा जादा.

सविस्तर नकार: अडीचशे. पूर्ण एक पान. कथेतल्या किमान एका पात्राचा उल्लेख, तोही बरोबर.

स्वीकृती: चौदाशे. (लेखकाने अंकाच्या वीस प्रती विकत घ्यायच्या. नाही तर त्या कोण घेणार?)

हे वाचून कुणाच्या मनात भलतंसलतं येऊ नये. सर लुटारू नव्हते. त्यांच्या पायांत गेली सात वर्षं त्याच चपला होत्या आणि कचेरीतल्या पंख्याला दोनच पाती होती. ते फक्त गणिताच्या मागे मागे गेले, आणि गणित त्यांना जिथे घेऊन गेलं तिथे ते राहिले. आणि लेखकांची तर काहीच तक्रार नव्हती. गावात उत्तेजनार्थ नकार चौकटीत लावलेले दिवाणखाने होते. एका कंपाउंडरने तर आपल्या नावाच्या पाटीवर दुसरी ओळ टाकली होती: “तीन वेळा उत्तेजनार्थ”.

भिंगरीने पहिल्यांदा कथा पाठवली तेव्हा शुल्काचे दीडशे तिने वर्गातल्या मुलींच्या विज्ञानाच्या वह्यांत आकृत्या काढून जमवले. (हृदय दहा, मूत्रपिंड सात. अमीबा ती अशीच काढून द्यायची, त्याला काय!) सहा महिने थांबायचा धीर नव्हता म्हणून वर साठ. आठव्या दिवशी पाकीट परत. दुसऱ्यांदा तिने नव्वदवाला नकार मागवला. त्यात लिहिलं होतं, “आपल्यात गुण आहेत.” आईने ते वाचलं आणि म्हणाली, “हे मी फुकटात सांगितलं असतं. आठ किल्ल्या गेल्या की गं!”

“आई, पण त्यांनी सांगणं वेगळं.”

“वेगळं कसलं? त्यांनी तुला पाहिलंय तरी का? तू दाताच्या कवळीएवढी होतीस तेव्हापासून मी तुला बघतेय.”

तिसऱ्या खेपेला साधा नकार आला, तोही शिक्का उलटा मारलेला. चौथ्या खेपेला भिंगरीकडे काही उरलं नाही. वर्गातल्या सगळ्या मुलींची सगळी इंद्रियं काढून झाली होती. बाबांकडे मागणं शक्य नव्हतं. ज्याने वाचावं म्हणून छापायचं, त्याच्याच खिशातून छापण्याचा खर्च काढायचा, हे तिला बरं दिसेना.

पण नियमावलीत कलम नऊ होतं. ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांनी ते श्रमाच्या रूपाने द्यावं. कचेरीत येऊन दहा हस्तलिखितांचा एक गठ्ठा हातावेगळा करायचा, म्हणजे दहा नकार लिहून द्यायचे. दहा नकारांत एक कथा दाखल. साहित्यात गरीब-श्रीमंत भेद नसावा, हे सरांचं धोरण या कलमातून स्पष्ट दिसतं.

कचेरी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची खोली. आत डिंकाचा वास, एक टेबल, पाकिटं तोलायचा काटा, आणि भिंतीला लागून सुतळीने बांधलेले गठ्ठे, प्रत्येकावर क्रमांक. गठ्ठे बांधायच्या सरांच्या पत्नी, सगळ्यांच्या काकू. त्या लेखकांची नावं पांढऱ्या पट्ट्या चिकटवून झाकायच्या, म्हणजे निवड निःपक्षपाती व्हावी. (निवड होत नव्हती, पण ती होत नसतानाही निःपक्षपाती असावी, यावर सर ठाम होते.)

पहिल्या दिवशी काकू तिला बघतच राहिल्या.

“अगं, वाचतेस काय?”

“हो, कथा वाचतेय.”

“सगळी?”

“मग कशी वाचायची?”

“पहिलं पान बघायचं, शेवटचं बघायचं आणि परतीच्या पाकिटाला तिकीट आहे ना ते बघायचं. मधलं त्यांचं त्यांना माहीत असतं. तू असं वाचत बसलीस तर अंक निघायचा कधी, पोरी?”

पण भिंगरीला ते जमेना. तिच्यात ही एक उणीव होती. ती वाचायची, खदखदा हसायची, मध्येच “अरे देवा!” म्हणायची, आणि मग जे वाटलं ते लिहून टाकायची. कंपाउंडरला तिने लिहिलं: “तुमची विहीर फार आवडली. नायक तिच्यात पडेपर्यंत सगळं झकास होतं. तो बाहेर का आला ते कळलं नाही. पुन्हा विचार करा, तो आतच बरा आहे.” एका मुख्याध्यापिकेला लिहिलं: “बाई, तुमच्या कथेत सगळे एकमेकांना फार समजून घेतात. निदान एकाला तरी एक थोबाडीत बसू दे.”

परिणाम अभूतपूर्व झाला. दोन महिन्यांत सविस्तर नकारांची मागणी चौपट. मुख्याध्यापिकांनी थोबाडीत मारून कथा पुन्हा पाठवली. कंपाउंडर एकच कथा दर पंधरवड्याला पाठवू लागला, फक्त विहिरीची खोली बदलून. काही लेखक तर पाकिटावरच लिहू लागले, “कृपया स्वीकारू नये. मागच्यासारखं उत्तर मिळावं.” सरांनी पंख्याला तिसरं पातं बसवलं. ते एकदा भारावून म्हणालेदेखील, “भिंगरी, तीस वर्षांत इतका उमदा नकार मी पाहिला नाही. तू विम्यात असतीस ना, तर लोकांनी मरणं सोडून दिलं असतं.”

मग सत्तेचाळीस क्रमांकाचा गठ्ठा आला. हा तिच्या स्वतःच्या चौथ्या प्रवेशाचा. कलम नऊप्रमाणे कथा आधी देऊन ठेवायची आणि नकार मागून फेडायचे, तशी तिने कथा नव्याने उतरवून काढून काकूंकडे कधीच दिली होती. (मधले सगळे गठ्ठे तिने उमेदवारी म्हणून केले होते. उमेदवारी किती काळाची, हेही नियमात नव्हतं.) नऊ कथा वाचून झाल्या, नऊ नकार लिहून झाले. तिने दहावी उचलली. नावावर पांढरी पट्टी. खाली पहिली ओळ: “कुलूप गंजलेलं नव्हतं, नुसतं रुसलेलं होतं.”

ती उठून सरांच्या टेबलाशी गेली.

“सर, एक घोळ झालाय. या गठ्ठ्यातली दहावी कथा माझीच आहे.”

सरांनी मान वर केली नाही. “नाव झाकलेलं आहे. तुला कसं कळलं?”

“मी लिहिलीय ना!”

“हा पुरावा होत नाही.”

“सर, मला दुसऱ्या गठ्ठ्यातली एक द्या ना बदलून.”

“गठ्ठा सुटला की मोजणी बिघडते,” काकू कोपऱ्यातून म्हणाल्या. “सत्तेचाळीसातली काढली की अठ्ठेचाळीसाचं काय करू मी?”

भिंगरीने दोन्ही वेण्या मागे टाकल्या. “बरं. मग मी ही स्वीकारली तर?”

“तर तुझे नकार झाले नऊ,” सर म्हणाले. “नऊ नकारांत शुल्क भरलं जात नाही. शुल्क भरलं नाही म्हणजे कथा दाखल झाली नाही. आता मला सांग, जी कथा आमच्याकडे आलेलीच नाही, ती तू स्वीकारलीस कशी?”

“आणि नाकारली तर?”

“तर दहा पूर्ण. शुल्क चुकतं. कथा रीतसर दाखल. मग तिचा विचार होऊ शकतो.”

“पण सर, तोवर विचार झालेला असेल! मी तिला नाकारलेलं असेल!”

“बघ,” सर कौतुकाने म्हणाले, “किती लवकर काम झालं.”

भिंगरी गप्प झाली. ही घटना त्या कचेरीच्या इतिहासात नोंदवण्यासारखी होती, पण त्या दिवशी टपाल जास्त होतं. ती वळली तेव्हा सर मागून म्हणाले, “आणि ऐक. ओळखीच्या माणसाला कोरडा नकार देऊ नये. वेळ घे जरा.”

तिने वेळ घेतला. खिडकीशी बसून स्वतःची चार पानं तिने अशी वाचली की जणू दुसऱ्या कुणाची आहेत. आणि मग, खरं सांगायचं तर, तिला रडू आलं नाही, रागच आला. कारण कथेत एक गोष्ट होती आणि लिहिणारीने ती चक्क चालत्या गाडीतून टाकून दिल्यासारखी टाकली होती. तिने पेन उचललं.

“प्रिय लेखिका, तुमची कथा नीट वाचली. सुरुवातीची दीड पानं तुम्ही कुलपाचं वर्णन करता. कुलूप छान आहे, पण त्याला घरी कुणाची वाट बघायची नसते. पान तीनवर दार उघडतं, घरातले सगळे आत धावतात, आणि किल्लीवाला पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो. उघडलेलं घर आपलं नाही, म्हणून. आतून कुणी पैसे घेऊन बाहेर येईपर्यंत तो तसाच उभा असतो. हे तुम्ही एका ओळीत उरकलंत आणि लगेच पुन्हा कुलपाकडे पळालात. का? कुलूप सोपं आहे म्हणून ना? या माणसाने हजारभर घरं उघडली आणि त्यांतलं एकही आतून पाहिलं नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असून लिहिलं नाहीत. म्हणून ही कथा साभार परत. तुमच्यात गुण आहेत की नाहीत ते मला सांगता येत नाही. डोळे आहेत. ते वापरा.”

खाली तिने शिक्का मारला. सुलटा.

आता योगायोग बघा. त्या अंकासाठी जी एकमेव कथा स्वीकारली होती ती एका निवृत्त भूमापकाची. त्याला चौदाशेचं पत्र गेलं. उलट टपाली उत्तर आलं: “आपली स्वीकृती काळजीपूर्वक वाचली. स्वीकृती चांगली आहे, परंतु माझ्या सध्याच्या गरजांत बसत नसल्याने साभार परत करत आहे. आपल्यात गुण आहेत. पुढील स्वीकृतीसाठी शुभेच्छा.”

सर हबकले. तीस वर्षं विम्यात आणि अकरा वर्षं साहित्यात काढून त्यांच्यावर असा प्रसंग आला नव्हता. छापखान्याचा माणूस जिन्यात उभा, अंक चौसष्ट पानांचा ठरलेला, आणि मधली दोन पानं कोरी. काकू म्हणाल्या, “चष्म्याची आठवी जाहिरात टाका.” सर म्हणाले, “आणि वाङ्मय? नोंदणी कचेरी विचारेल.” मग त्यांनी टेबलावरच्या नकारांतला सगळ्यांत वरचा, भिंगरीचा दहावा, कागद उचलला, वाचला, पुन्हा वाचला, त्याच्यावर लाल शाईने “नमुना नकार (सविस्तर), दर अडीचशे” असं लिहिलं आणि छापखान्याच्या माणसाच्या हातात दिला. गोपनीयता म्हणून लेखिकेचं नाव नाही, आणि प्रथा म्हणून नाकारणारीचंही नाही. नोंदणी कचेरीने तो मजकूर वाङ्मय म्हणून मान्य केला. त्या अंकापुरतं ते खरंही होतं.

भिंगरीने तो अंक घेतला (किंमत सत्तर, कर्मचाऱ्यांना सात सूट) आणि शाळा सुटल्यावर थेट टपरीवर नेला. बाबा एका गिऱ्हाइकाच्या कपाटाची किल्ली घासत होते. गिऱ्हाईक पाव्हण्यासारखं स्टुलावर बसलेलं.

“तुझी आली छापून?”

“माझी नाही. पण वाचा तर. हे पान.”

छापलेलं होतं. बाबांनी कानस खाली ठेवली, हात पुसले आणि वाचायला लागले. ओठ हलत होते. मग हलायचे थांबले. गिऱ्हाइकाने विचारलं, “झाली का हो?” बाबांनी नुसता हात वर केला.

“हे कुणी लिहिलंय?” पान संपल्यावर ते म्हणाले.

“नाकारणारीने.”

“बाई हुशार दिसते.”

“हो ना!” भिंगरी एका पायावर उडाली. “म्हणजे, तसं ऐकलंय.”

“हुशार होणं एवढं अवघड नाही. हे पाहिलंय कुणी? हे पाठ फिरवणं?”

“ते लेखिकेने.”

“आणि तिलाच परत पाठवलं?”

“तिची कथा कच्ची होती, बाबा. नियमातही बसत नव्हती.”

बाबांनी अंक मिटून मांडीवर ठेवला. समोरून दोन सायकली गेल्या. वरच्या किल्ल्या वाजल्या.

“ती चार पानं घेऊन ये,” ते म्हणाले.

छापलेल्या नकारात पानं किती हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. भिंगरीच्या ते लक्षात आलं आणि ती चक्क उभीच राहिली. पुरती, एका जागी.

“ती बीजगणिताच्या वहीत आहेत. हाताने लिहिलेली.”

“आण म्हटलं ना.”

वही दप्तरातच होती. बाबांनी चारही पानं वाचली, मधे थांबून एकदा नाक शिंकरलं, आणि गिऱ्हाईक उठून चष्म्याच्या दुकानातून घड्याळ बघून आलं तरी त्यांनी मान वर केली नाही. शेवटी वही परत देत ते म्हणाले, “हजारभर नाही. जास्तच असतील. आणि एकदा बघितलं होतं मी आत. एकदाच.”

“काय होतं?”

“लिहिणार असशील तर सांगतो.”

“लिहिणार!”

“मग बस इथे.” आणि ती बसली, उपड्या डब्यावर. गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. ते स्टूल पुढे ओढून ऐकायलाच लागलं होतं.

हा सगळा प्रकार काकूंनी पाहिला. त्या टपालाचा गठ्ठा टाकायला आल्या होत्या आणि त्यांनी तो कचेरीत जसाच्या तसा कळवला. चौथ्या दिवशी भिंगरीला पत्र आलं, त्रैमासिकाच्या छापील कागदावर, पोच न मागता:

“आपली प्रवेशिका क्रमांक चारशे सत्तर रीतसर दाखल झाली असून ती विचाराधीन होती. तथापि, सदर कथा टपाल कचेरीच्या कोपऱ्यावर एका इसमाने संपूर्ण वाचल्याचं निदर्शनास आलं आहे. नियम चौदा अन्वये, कोणाही इसमाने संपूर्ण वाचलेलं साहित्य ‘पूर्वप्रकाशित’ समजलं जातं आणि ते कोठेही पुन्हा पाठवता येत नाही. शुल्क परत मिळणार नाही. अभिनंदन.”

(या नियमाने बघायला गेलं तर त्रैमासिकाचे गेल्या अकरा वर्षांतले सगळे अंक अजून अप्रकाशितच आहेत. पण तशी हरकत कुणी घेतलेली नाही. हरकत घ्यायला नियम चौदा वाचावा लागतो.)

अशा रीतीने भिंगरीची कथा प्रकाशित झाली. एकूण प्रती एक, खप एक, परत आलेल्या शून्य. खपाचं हे प्रमाण शंभर टक्के भरतं आणि गावातल्या कुठल्याही प्रकाशनाला ते आजवर गाठता आलेलं नाही. भिंगरीने नकार लिहायचं काम सोडलं. आता ती शाळा सुटली की डब्यावर बसते, आणि तिची नवी कथा अकरा पानांवर गेली आहे. त्यात कुलूप पहिल्या ओळीतच उघडतं. त्रैमासिकही उत्तम चाललं आहे. नकार लिहायला आता मुख्याध्यापिका येतात, आणि दर महिन्याला एक नकार स्वतःलाही देतात.

या हकिकतीतून घ्यायचा तो बोध ज्याचा त्याने घ्यावा. आतापर्यंत ती सतरा जणांना सांगून झाली. सतराही जणांनी दरपत्रकाला हसून घेतलं, सरांना नावं ठेवली, बाबांपाशी त्यांचे डोळे भरून आले. मग सोळा जणांनी आवाज खाली करून पत्ता विचारला. सतराव्याने विचारला नाही, त्याच्याकडे होता.

तुम्ही मात्र इथवर आलात आणि अजून पत्ता विचारला नाहीत. म्हणजे तुमचं पाकीट गेलेलं दिसतंय. त्वरित मागितलंत, की सविस्तर?